छतातल्या पंचावन्न गाद्या

जागेश्वर : काढायचं नाई म्हणजे नाई. तू तुझा गर्मी अडवाचा फोम त्याच्यावरूनच मार.

धम्मानंद : काका, गादीवर मारला तं फोम गादीलेच चिपकते. तो पत्र्याले चिपकला पाहिजे. उद्या गादी लोंबली का फोमसकट तुमच्या डोक्यावर.

जागेश्वर : अडतीस वर्षं नाई लोंबली.

धम्मानंद : लोंबली न. तो कोपरा पाहा. उंदरानं पोखरली, मागच्या पावसाळ्यात भिजली, अन् खालचं प्लायवूड फुगलं. मी दोन पाट्या खोलल्या तं लेंड्यायचा सडा पडला.

रुचिका : मामाजी, परवा चंदनसमोर ठरलं होतं आपलं. तुम्ही हो म्हटलं होतं.

जागेश्वर : मी 'पाहू' म्हटलं होतं. 'पाहू' म्हणजे हो असते का वं?

रुचिका : चंदननं तेच समजलं.

जागेश्वर : माझ्या पोराले बायको जे समजवते तेच समजते. त्यात त्याचा काही दोष नाई.

धम्मानंद : काका, उद्या सकाळी नऊले मशीनची गाडी येते. दोन ड्रम, कंप्रेसर, पाइप. त्याच्या आधी पत्रा मले एकदम कोरा पाहिजे. जंग घासायचा आहे, पुसायचा आहे. ह्या गाद्या आज निंगाल्याच पाहिजे.

रुचिका : अन् सव्वीस जूनले शाळा उघडते. माझी ट्यूशन याच खोलीत आहे. मागच्या एप्रिलमध्ये दोन पोट्ट्यायले इथं चक्कर आली, तेव्हापासून मायबाप विचारून राहिले, मॅडम, एसी कधी लावता? एसीचं बिल कोण भरन?

जागेश्वर : चक्कर आली ती त्यायच्या मायबापायच्या खाण्यापिण्यानं आली. हे खोली तांडापेठेत सगळ्यात थंडी खोली होती. मोहल्ल्यातले लोकं दुपारचे इथं येऊन पडत. विचार कोणालेही.

रुचिका : होती, मामाजी. आता नाही आहे.

जागेश्वर : धम्मानंद नाव न तुझं? इकडं ये, खाली उतर जरा. तुले माहीत आहे का मी काय काम करत होतो?

धम्मानंद : ताई म्हणे, प्लांटले होते.

जागेश्वर : प्लांटले तं साहेब बी असतात अन् झाडूवाला बी असते. मी लॅगिंगवाला. बॉयलरपासून जे पाइप जातात न, त्यायले गाद्या बांधायच्या. आत पाचशे डिग्रीची वाफ, अन् गादी बांधल्यावर वरून हात ठेवला तं नुसतं कोमट. एकतीस वर्षं तेच केलं. एकदा नव्या साहेबानं विचारलं, ही लाइन बंद आहे का? म्हटलं, साहेब, फुल लोडवर आहे, तुम्ही टेकून उभे आहात तिले. तो असा उडाला!

धम्मानंद : काम पक्कं दिसते तुमचं. तारेची बांधणी पाहिली मी. एकसारखी आहे.

जागेश्वर : पाहिली न? मंग! ज्या माणसानं बॉयलरची गर्मी बाहेर निंगू दिली नाई, तो सूर्याची आत येऊ दीन का? सत्त्याऐंशीत हे खोली बांधली. पत्रा टाकला अन् पहिल्याच उन्हाळ्यात भट्टी झाली. चंदन दोन वर्षांचा, आंगभर घामोळ्या. सिंधू म्हणे, तुम्ही तिकडं लोखंडाले गोधडी पांघरता, इकडं लेकराच्या डोक्यावर काही नाई. बोचलं मले ते. मंग आणला माल.

धम्मानंद : कोणता माल होता, काका? ग्लासवूल?

जागेश्वर : हट्. ग्लासवूल ते पिवळं, टोचणारं, ते नंतर आलं. हे जुनं, असली आहे. पांढरी लोकर. जुनी लाइन खोलली का ढिगानं निंगे. ठेकेदार म्हणे, घेऊन जा, नाई तं नाल्यातच टाकायचं आहे. रोज एक बोरा सायकलच्या कॅरिअरवर. गेटवरच्या शिपायानंही नेली, त्याच्या मायच्या घरी.

धम्मानंद : ह्या गाद्या कोणी शिवल्या?

जागेश्वर : सिंधूनं. हिच्या सासूनं. कोष्ट्याची पोरगी, माहेरी हातमाग. धाग्याचं काम तिले सांगावं लागत नव्हतं. आमच्या घरचा माग तवाच बंद पडला होता, त्याचं जाडंभरडं कापड पडून होतं. त्याच्या खोळी केल्या. लोकर दाबून दाबून गोळे झालेली राहे, तिनं ते काडीनं झोडपून मोकळी केली, कापसासारखी. मंग भरली, अन् मधात मधात टाका. आमच्या प्लांटच्या गाद्यायले असा टाका नव्हता. पंचावन्न गाद्या. दोन महिन्यात.

धम्मानंद : काडीनं झोडपली.

जागेश्वर : कशानं झोडपन मंग, तलवारीनं? तू फाडून पाह्य एखादी. काडेपेटी लाव, जळत नाई. पाणी टाक, सडत नाई. तुझ्या फोमले लाव बरं काडेपेटी.

धम्मानंद : ताई, पंखा बंद करा जरा.

रुचिका : इतक्या गर्मीत?

धम्मानंद : बंद करा. कूलरही.

जागेश्वर : काहून गा?

धम्मानंद : धूळ उडून राहिली, काका. एक गादी फाटली माझ्या हातून.

जागेश्वर : फाटली तं फाटली, शिवून घेऊ. तू फेकू मात्र नको. काढायच्याच असल तं काढ, पण बाकीच्या चोपन्न घरातून बाहेर जाते तं एखाद्याच्या कामी आली पाहिजे. नत्थूजीच्या वरच्या खोलीवर बी पत्राच आहे. मी त्याले सांगून येतो. म्हाताऱ्याची सून दिवसभर ओल्या चादरी टांगून राहते.

धम्मानंद : काका, थांबा...

जागेश्वर : पाच मिनिटात येतो. तवरोक चहा ठेव वं, रुचिका. याचं तोंड पाह्य कसं झालं, उन्हानं.

(जागेश्वर जिना उतरून शेजारी जातो.)

रुचिका : चला, मानले तं! मले वाटलं संध्याकाळ करतील. भाऊ, तुम्ही काम काहून थांबवलं?

धम्मानंद : ताई, दरवाज्यात या. आत नका उभ्या राहू. तोंडाले ओढणी बांधा.

रुचिका : काय झालं? साप निंघाला का?

धम्मानंद : नाही. हे ग्लासवूल समजून मी हात घातला. हे अ‍ॅस्बेस्टॉस आहे.

रुचिका : अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे ते सिमेंटचे पत्रे न? ते तं सगळ्यायच्याच घरी असतात.

धम्मानंद : पत्र्यात ते सिमेंटमध्ये बसून राहते. हे मोकळं आहे. याचे धागे असे बारीक असतात का डोळ्याले दिसत नाही. श्वासातून आत जातात अन् फुप्फुसात रुतून बसतात. बाहेर निंगत नाही, सडतही नाही. काका बरोबर बोलले, सडत नाही.

रुचिका : तुम्हाले कसं माहीत?

धम्मानंद : फोमच्या कंपनीनं आमची चार दिवसांची ट्रेनिंग घेतली होती. त्यात एक अख्खा दिवस याचाच होता, जुन्या छतातून काय काय निंगू शकते. फोटो दाखवले. नमुना काचेच्या डबीत होता, सील लावलेला. नुसत्या डोळ्यानं पक्कं सांगता येत नाही, तपासावं लागते. पण मले शंका नाही. प्लांटची लाइन, सत्त्याऐंशीच्या आधीची, पांढरी लोकर. अजून काय पाहिजे?

रुचिका : आम्ही इथं ट्यूशन घेतो, भाऊ. सहा वर्षांपासून. बारा-बारा पोट्टे बसतात.

धम्मानंद : प्लायवूडच्या वर बंद होतं तवरोक फार भेव नव्हतं. खोललं, झोडपलं, फाडलं तं उडते. आज मी खोललं. पोट्टे आज इथं नव्हते, ते बरं झालं.

रुचिका : झोडपलं...

धम्मानंद : हो.

रुचिका : भाऊ, माझ्या सासूबाई फुप्फुसानंच गेल्या. दोन हजार सोळाले. शेवटचे आठ महिने झोपता येत नव्हतं त्यायले, पलंगावर बसून रात काढायच्या. उशीवर डोकं टेकवून. डॉक्टर म्हणे, फुप्फुसाचं आवरण जाड झालं, असं का झालं? त्यायनं विचारलं होतं, बाई कोणत्या कारखान्यात होत्या का? मीच सांगितलं. म्हटलं, नाही, घरचा हातमाग होता, लहानपणापासून मागावर बसल्या. डॉक्टर म्हणे, मंग कापसाची धूळ असन. त्यायनं तेच लिहिलं.

धम्मानंद : ते पण होते कधी कधी.

रुचिका : नवरा काय काम करत होता, असं विचारलंच नाही त्यायनं. अन् मी कायले सांगू? मामाजी तिथंच बाहेर बाकावर बसले होते.

धम्मानंद : ताई, आता ते नका काढू. आधी हे पाहा. खाली तीन गाद्या पडल्या आहेत, एक फाटलेली. मी त्यायच्यावर पाणी मारतो, हळू, फवाऱ्यानं. ओलं झालं का उडत नाही. मंग प्लास्टिकच्या दोन पन्न्यात बांधतो. झाडू लावायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं अन् फडकं पण पन्नीत. बाकीच्या वर आहेत तशाच राहू द्यायच्या. ते काढणारे लोकं वेगळे असतात, त्यायच्याजवळ पूर्ण अंगाचे कपडे असतात. मी उद्याची गाडी परत पाठवतो.

रुचिका : म्हणजे फोम नाही.

धम्मानंद : आता नाही. हे निंगाल्यावर मारून देईन. ते काढणाऱ्यायचा नंबर देतो तुम्हाले. टाइम लागते त्यायले, पण ते बरोबर करतात.

रुचिका : भाऊ, एक काम करा. मामाजीले नका सांगू.

धम्मानंद : ताई...

रुचिका : ऐका न माझं. सासूबाई गेल्या तेव्हापासून ते फार बोलत नव्हते. वर्षभर तं जेवण झालं का नाही इतकंच. मंग हळूहळू एकच गोष्ट धरून बसले. कोणीही आलं का तेच सांगतात. मी तिले सोनंनाणं नाही दिलं, फिरवलं नाही, पण ऊन नाही लागू दिलं. नागपूरच्या उन्हाळ्यात तिनं थंड्या खोलीत दिवस काढले. हे इतकंच आहे त्यायच्याजवळ. ते तुम्ही घेऊन जाणार का?

धम्मानंद : मले कायले घ्यायचं आहे, ताई. मी फोमवाला आहे. पण ते नत्थूजीकडे गेले आहेत.

रुचिका : काही तरी सांगू. उंदरायची घाण आहे, रोगराई होईन, असं सांगू.

धम्मानंद : तो शेजारी उंदरायची घाण झटकून गाद्या चढवन वर. झटकन, ताई. अन् त्याची सून खाली उभी राहीन.

रुचिका : बाप्पा.

धम्मानंद : अन् चंदन भाऊ तेव्हा दोन वर्षांचे होते म्हणे काका.

रुचिका : मामाजी नेहमी सांगतात, चंदन त्या ढिगावर झोपायचा दुपारचा. कापसासारखं मऊ. हसून सांगतात.

धम्मानंद : त्यायले एकदा दाखवून आणा. छातीचा फोटो काढा, अन् या वेळी डॉक्टरले हे नाव सांगा. सगळ्यायलेच होते असं नाही. पण सांगा.

रुचिका : त्याले सांगितलं तं तो बापाले विचारनच.

धम्मानंद : मंग लपवता कोणापासून?

(धम्मानंद मास्क लावतो, पडलेल्या गाद्यांवर फवारा मारून त्या पन्न्यांत भरतो. जागेश्वर परत येतो.)

जागेश्वर : झालं काम! नत्थूजी म्हणे, पाच वाजता ठेला घेऊन येतो. चोपन्नच्या चोपन्न नेते, वरून म्हणे, तुले संत्र्याची बर्फी चारतो. त्याच्या घरी बर्फी... अबे! हे काय केलं?

धम्मानंद : काका, तिथंच थांबा. आत नका येऊ.

जागेश्वर : पाणी कोणी टाकलं याच्यावर?

धम्मानंद : मी मारलं.

जागेश्वर : लॅगिंगवर पाणी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? गादी ओली झाली म्हणजे गेली. लोकरीत हवा असते, ते हवाच तं गर्मी अडवते. पाण्यानं ते बसून जाते, मंग ते गादी नाई, पोचारा आहे. आमच्या तिथं कोणाच्या हातून पाणी सांडलं तं फोरमन अर्ध्या दिवसाची हजेरी कापे. अन् तू म्हणते तुले काम येते!

रुचिका : मामाजी, धूळ बसावी म्हणून मीच म्हटलं त्यायले. उंदरायची खूप घाण होती.

जागेश्वर : धुळीले झाडू असते वं. अन् पन्नीत काहून भरली? एकात एक दोन पन्न्या. वरून टेप. तोंडाले काय लावलं तू? आता तं नव्हतं.

धम्मानंद : मास्क आहे.

जागेश्वर : ते दिसते मले. ... थांब.

रुचिका : मामाजी, चहा ठेवते मी खाली. चला न.

जागेश्वर : थांब म्हटलं न. हे मी पायलं आहे एकदा. पाणी मारून काढाचं, दोन पन्न्या, टेप. रिटायर व्हायच्या तीन वर्षं आधी. जुनं युनिट खोलाचं होतं. आम्हाले म्हणे, तुम्ही नका येऊ, बाहेरची पार्टी करन. ते लोकं आले, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे, तोंडाले नळी. आधी फवारा हाणला, मंग कापलं, मंग पन्नीत भरलं. आम्ही सगळे लांब शेडमध्ये चणे खात बसलो होतो. खूप हासलो. रुपराव म्हणे, चंद्रावर चालले का बे हे? आम्ही त्याच्यावर बसून अठ्ठावीस वर्षं डबा खाल्ला, अन् ह्यायले हात लावाले भेव वाटते.

धम्मानंद : तेव्हा कोणी काही सांगितलं नाही तुम्हाले?

जागेश्वर : साहेब म्हणे, नवीन नियम आहे. नियम तं रोजच नवीन येत. ... काय आहे ते? तिच्याकडं नको पाहू. मी विचारून राहिलो तुले.

धम्मानंद : अ‍ॅस्बेस्टॉस आहे, काका. याचे बारीक धागे श्वासातून छातीत जातात अन् तिथंच राहतात. मंग दम लागते, खोकला येते. फुप्फुस कडक होते. कोणाले कॅन्सर होते.

जागेश्वर : मले तं काही झालं नाई. एकतीस वर्षं खाल्ली मी ते धूळ. आता बी दोन जिने चढून आलो तुझ्यासमोर.

धम्मानंद : कोणाले होते, कोणाले नाही होत. कामगाराले होत नाही अन् घरी कपडे धुणाऱ्याले होते, असंही असते. ते तसंच आहे.

जागेश्वर : किती दिवसांनी होते?

धम्मानंद : दिवसांनी नाही. वीस वर्षं, तीस वर्षं. चाळीस पण.

जागेश्वर : सत्त्याऐंशीत शिवल्या. सोळात गेली. म्हणजे एकोणतीस.

रुचिका : मामाजी, बसा तुम्ही. खुर्ची आणते.

जागेश्वर : मी काही पडून नाई राहिलो. हिसाब करून राहिलो. सिंधूले तेच झालं होतं, असं म्हणते का तू?

धम्मानंद : ते मी कसं सांगू? मी डॉक्टर नाही.

जागेश्वर : डॉक्टरले नाई विचारून राहिलो मी. तू बी गर्मी अडवाचं काम करते, मी बी तेच केलं. कारागीर कारागिराले विचारून राहिला.

धम्मानंद : होऊ शकते, काका.

जागेश्वर : हं.

रुचिका : डॉक्टरले मी सांगितलं होतं, मामाजी. कारखान्यात नव्हत्या, हातमागावर होत्या, असं. ते म्हणे कापसाची धूळ. मी काहीच बोलली नाही पुढं.

जागेश्वर : खोटं काय सांगतलं तू? मागावर होतीच ते.

रुचिका : पण मी चुकली न.

जागेश्वर : मी बाहेर बाकावर बसलो होतो. तू बाहेर येऊन सांगतलं, कापसाची धूळ आहे म्हणते. मले काय वाटलं सांगू? बरं वाटलं. म्हटलं, माहेरचं दुखणं आहे, आपल्या घरचं नाई. नऊ वर्षं झाली, मी तिच्या बापाच्या नावानं बोटं मोडून राहिलो. पोरीले लहानपणी मागावर बसवलं, म्हणून ते गेली. दिवाळीले तिचा भाऊ आला होता न, कृष्णकांत? त्याच्या तोंडावर बोललो मी. तुम्ही मारलं म्हटलं माझ्या बायकोले. तो जेवला नाई, तसाच उमरेडले निंगून गेला.

रुचिका : तुम्हाले कुठं माहीत होतं?

जागेश्वर : त्याले बी नव्हतं माहीत, तरी ऐकून घेतलं त्यानं.

धम्मानंद : काका, चूक तुमची नाही. ज्यायले माहीत होतं, त्यायनं सांगायला पाहिजे होतं. बाहेरच्या पार्टीले पांढरे कपडे दिले, तुम्हाले एक फडकं नाही दिलं.

जागेश्वर : दिलं असतं तं मी बांधलं असतं का? हासलो असतो. अन् सत्त्याऐंशीत तं साहेबाच्या टेबलावर बी ह्याच लोकरीची दोरी पडून राहे. ... मले वाईट वाटून राहिलं, धम्मानंद. खूप वाईट वाटून राहिलं. तू ते समजावून नको सांगू आता. सांगून काही कमी होत नाई ते.

धम्मानंद : नाही सांगत.

जागेश्वर : तुझ्या फोमनं असं काही होते का तीस वर्षांनी?

धम्मानंद : मारताना वास असते, म्हणून आम्ही नळी लावतो तोंडाले. दोन दिवस कोणाले खोलीत येऊ देत नाही. सुकल्यावर काही नाही म्हणते कंपनी.

जागेश्वर : म्हणते.

धम्मानंद : हो. म्हणते.

जागेश्वर : बरं आहे. खरं बोलला. नत्थूजीले मी सांगून येतो, ठेला नको आणू म्हणून.

रुचिका : मी जाते न, मामाजी. काही तरी सांगते मी.

जागेश्वर : काही तरी नाई सांगायचं. जे आहे ते सांगायचं. तू सांगशीन तं त्याले वाटन, सुनेले द्यायच्या नाई. मी सांगतो, ह्या गाद्या शिवताना माझी बायको मेली. एकोणतीस वर्षं लागली, पण मेली. मंग नाई मांगणार तो.

रुचिका : असं नका बोलू.

जागेश्वर : मंग कसं बोलू, तू सांग.

धम्मानंद : काका, एक अजून होतं. रुपराव, ते शिपाई, तुमच्याबरोबरचे बाकी लोकं. त्यायच्या घरी पण असन हे.

जागेश्वर : रुपराव नाई राहिला. पाच वर्षं झाली. दम्यानं गेला म्हणे. ... दम्यानं. शिपायाचं गाव नरखेडकडं होतं, पोरगा आहे त्याचा. पाहतो. चंदनले फोन लावाले सांगतो. चंदनलेच आधी सांगावं लागन.

रुचिका : तो संध्याकाळी येतो बुटीबोरीहून. मी सांगते त्याले.

जागेश्वर : बापानं केलं आहे, बापच सांगन.

धम्मानंद : चला, मी दरवाजा लावून घेतो. फटीले टेप मारतो. ते काढणारे येतपर्यंत कोणी उघडायचं नाही. ताई, पोट्ट्यायची पुस्तकं आतच राहू द्या, फळा पण. कपडे बदला दोघंही, वेगळे भिजवा.

रुचिका : किती दिवसांनी येतील ते लोकं?

धम्मानंद : आठ दिवस. दहा पण लागतील.

रुचिका : या उन्हात दहा दिवस बंद ठेवली तं आत काही शिल्लक नाही राहत, भाऊ. मोहल्ल्याकडची एक खिडकी तरी उघडी ठेवू का? थोडी हवा जाईन.

धम्मानंद : नका ताई. हवेनं बाहेर उडते. खिडकी लावूनच राहू द्या.

जागेश्वर : मी बी सिंधूले हेच म्हणत होतो, खिडकी लाव, लोकर उडते. शिवाले बसली का.